हाडे, स्प्रिंगा आणि स्टेबिलिटी

'कडक' या शब्दाचे आपल्याकडे भलतेच कौतुक आहे. चहा कडक हवा, इस्त्री कडक हवी, पोराला मास्तर कडक हवा. आजोबा कडक होते असे सांगताना नातवाची मान ताठ होते. वास्तविक त्या आजोबांसमोर त्याचा बाप कधी ताठ मानेने उभा राहिलेला नसतो. आमच्या विदर्भात तर उन्हाच्या कडकपणाचाही अभिमान बाळगतात. पारा ४५च्या पुढे सरकला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला आम्ही तो घरची शेती दाखवावी तसा दाखवतो. उलट 'मऊ' म्हटले की डोळ्यांपुढे येतो आजाऱ्याचा भात, आणि 'मवाळ' म्हटले की काँग्रेसच्या इतिहासातले ते सज्जन, ज्यांची नावे परीक्षेपुरती पाठ करून आपण घाईघाईने जहालांकडे वळतो.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. मी स्वतः चहा कडकच पितो. पण हा कडकपणा आता मोटारीच्या पोटात शिरला आहे आणि तिथून तो थेट माणसाच्या मणक्यात शिरतो आहे. अशा वेळी गप्प बसणे शक्य नाही. खरे तर कसेही बसणे शक्य नाही.

प्रकार असा आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या चाकांवर स्प्रिंगा असतात आणि त्यांच्या जोडीला शॉकअप. स्प्रिंगने धक्का झेलायचा आणि शॉकअपने स्प्रिंगला 'पुरे आता' म्हणायचे, असा हा संसार. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी गाड्या खड्ड्यांतून आपटून-आपटून ही जोडी जमवलेली असते. हल्लीचे तरुण गाडी हातात आली की पहिल्यांदा हा जमलेला संसार मोडतात. बाजारातून जास्त कडक स्प्रिंगा आणि जास्त कडक शॉकअप आणतात, गाडी दोन इंच खाली बसवतात, पातळ टायरांची मोठी चाके लावतात, आणि मग चार पावले मागे सरकून गाडीकडे बघत राहतात. बघायला गाडी खरोखर छान दिसते. भांडण बसण्याचे आहे.

माझे म्हणणे मी आधीच मांडून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचा आहे त्यांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. गाडी चांगली की वाईट हे ठरवण्याचा अधिकार चालवणाऱ्याला नाही. तो मागच्या सीटवर बसलेल्या सर्वांत अशक्त माणसाला आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीत मनमानी फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत, परंतु मी त्या कलमाचा आधार घेणार नाही. कायद्याच्या आधीपासून आजी नावाची संस्था अस्तित्वात आहे आणि मला ती पुरेशी वाटते.

आमचा पुतण्या नागपूरला संगणकाच्या नोकरीत आहे. लाल रंगाची, बेताच्या आकाराची गाडी त्याने घेतली. नाव सांगत नाही. त्या गाडीचा यात काही दोष नाही. घरात पहिली मोटार आली म्हणून आम्ही सर्वांनी तिला हळदकुंकू लावले, लिंबे चिरडली, आईने नारळ वाढवला. सहा महिन्यांनी तो पुन्हा मुकुटबनला आला तेव्हा गाडी खाली बसलेली होती. मला वाटले हवा गेली. विचारले, तर म्हणाला, "काका, सस्पेन्शन केलं न नवीन." किती लागले असे विचारल्यावर म्हणाला, "ते राहू द्या न." ज्या खर्चाचा आकडा सांगताना माणूस आकाशाकडे बघतो तो खर्च मी पुन्हा विचारत नाही.

"पण कशासाठी?"

"स्टेबिलिटी, काका!"

हा शब्द हल्ली देवाच्या नावासारखा वापरतात. तो उच्चारला की पुढे प्रश्न विचारायचा नसतो.

आता न्यायाने बोलायचे तर पुतण्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. नागपुराहून निघून चांगल्या रुंद रस्त्यावर ताशी १००च्या वेगाने वळण घेताना कडक स्प्रिंगांची गाडी कमी कलते. स्टिअरिंग जरा हलवले की ती लगेच ऐकते. मऊ गाडी अशा वळणावर नावेसारखी झुकते आणि मागे बसलेल्या पोरांना मळमळते. हे सगळे मला कबूल आहे. फक्त मुकुटबन त्या रुंद रस्त्यावर नाही.

ज्यांनी मुकुटबन पाहिलेले नाही, आणि असे बरेच असतील, त्यांच्यासाठी सांगतो. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, झरी जामणी तालुक्यात, वणीच्या खाली आणि पैनगंगेच्या वर आमचे गाव आहे. नदी ओलांडली की तेलंगण. त्यामुळे बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी असे सगळे कानावर पडते आणि भाव मात्र सगळ्यांना एकाच भाषेत कळतो. या भागात जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी, जमिनीच्या पाठीवर कापूस, आणि हे सगळे इकडचे तिकडे नेणारे ट्रक रस्त्यावर. २०२२ साली गावाजवळ सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला, तेव्हा ट्रकांना आणखी काम मिळाले. रस्ता मात्र तोच.

आणि तो रस्ता झोपला आहे काळ्या मातीवर. रस्ते बांधणाऱ्यांना शिव्या देण्याचा माझा मुळीच इरादा नाही, कारण ही माती मी लहानपणापासून ओळखतो. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते. कपाशीला ती मानवते. डांबराला ती मानवत नाही. खालची बाई कूस बदलते तशी वरच्या पांघरुणाला चुणी पडते, तेवढाच रस्त्याचा अपराध. मग मध्येच एक लाट, लाटेनंतर ठिगळ, ठिगळानंतर गतिरोधक. गतिरोधकाचे म्हणाल तर भारतीय रस्ते काँग्रेस नावाच्या संस्थेने १९८८ साली त्याचे मापही ठरवून दिले होते: उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे २५च्या वेगाने गाडी सुखाने पार व्हावी. पण गतिरोधक हा आपल्याकडे मापाचा विषय नाही, हौसेचा विषय आहे. ज्याच्या दारासमोर होतो तो उंची सांगतो.

अशा प्रदेशात शर्यतीच्या स्प्रिंगा घेऊन येणे म्हणजे नांगरटीत बुटांना पॉलिश करून उतरणे.

मी अडतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले आहे, तेव्हा थोडा वेळ वर्गात बसावे लागेल. स्प्रिंगवर जितका भार घालाल तितक्या प्रमाणात ती दबते, हा हूकचा नियम. रॉबर्ट हूक हे महाशय १६७८ साली तो छापून मोकळे झाले आणि तेव्हापासून आम्हा मास्तर लोकांची पोटे त्यावर चालतात. गाडी आपल्या वजनाने स्प्रिंगांवर किती दबून बसते, यावरून ती सेकंदाला किती झोके खाणार ते ठरते. २५ सेंटीमीटर दबली तर सेकंदाला एक झोका. सहाच सेंटीमीटर दबली तर दोन. घरगुती गाड्यांचे झोके एक ते दीडच्या आसपास ठेवतात, आणि ते काही कोणाच्या लहरीने नव्हे. उभा हादरा माणसाला सर्वांत जाचतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा बसला तर. पोट, छाती आणि मणका त्या ठेक्यात सापडले की तेही नाचू लागतात. मऊ स्प्रिंग हा ठेका गाडीच्या खालीच गाळून टाकते. कडक स्प्रिंग त्याला 'या, बसा' म्हणून आत घेते, आणि त्याला बसायला जागा आपल्या माकडहाडापाशी असते.

"पण काका, स्टेबिलिटी—"

त्याचाही निकाल लावू. स्टेबिलिटी म्हणजे चाक जमिनीला चिकटून राहणे. ब्रेक लागतो तो जमिनीला टेकलेल्या चाकाला, वळते तेही टेकलेले चाक. रस्ता काचेसारखा असेल तर कडक स्प्रिंग चाकाला बरोबर धरते. पण रस्त्यावर लाट आली की तिच्यावरून उतरताना चाकाने पटकन खाली जायला हवे. कडक जोडी त्याला जाऊ देत नाही, आणि क्षणभर चाक हवेत राहते. हवेत असलेल्या चाकाची स्टेबिलिटी कोणी मोजायची? शर्यतवाल्यांनाही हे ठाऊक आहे. दगडमातीच्या रस्त्यावरच्या रॅलीला ते गाडी उंच करतात, स्प्रिंगांना लांब हालचाल देतात. तीच गाडी गुळगुळीत डांबरावर पळवायची असेल तेव्हा खाली बसवतात. म्हणजे ज्यांच्या नावाने हे सामान खपते ते स्वतः रस्ता बघून सामान बदलतात. आमचे वीर रस्ता न बघता बदलतात.

यातली खरी लबाडी सीटची आहे. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो हाताने स्टिअरिंग पकडून, पाय रोवून, अंग आवळून तयार असतो. त्याला धक्का बसतो तो ओळखीच्या माणसाने पाठीवर थाप मारावी तसा. मागे, थेट मागच्या चाकांवर बसलेल्या माणसाला काही दिसत नाही. त्याला तोच धक्का अंधारात कोणीतरी बुक्की मारावी तसा बसतो. अन् वर चालवणारा आरशात बघून विचारतो, "काय मस्त बसली न गाडी रस्त्यावर?" या सामानाच्या जाहिराती मी पुतण्याच्या मोबाइलवर पाहिल्या. गाडी आहे, वळण आहे, ढग आहेत. एकाही चित्रात मागच्या सीटवर माणूस नाही.

आमच्या आईचे वय ८२. मणक्याचे जुने दुखणे आहे आणि महिन्यातून एकदा वणीला हाडांच्या डॉक्टरांकडे जावे लागते. डॉक्टर प्रत्येक वेळी कागदावर एकच ओळ लिहितात: धक्के टाळावेत. पुतण्याने मोठ्या प्रेमाने तिला नव्या सस्पेन्शनच्या गाडीतून नेले. मी पुढे बसलो होतो. गावाबाहेर पडेपर्यंत तिचा जप चालू होता. पहिल्या लाटेला माळ हातातून सुटली, दुसऱ्या लाटेला देवाचे नाव अर्ध्यावर तुटले. तिसऱ्यानंतर ती म्हणाली, "बापू, हे गाडी हाय का चाळणी? मले गहू समजून रायला का तू?"

परत येताना तिने गाडीत बसायला साफ नकार दिला. "मले यष्टीत बसवून दे." आणि ती एस.टी.ने आली. ज्या घरात मोटार यावी म्हणून तिने तीस वर्षे वाट पाहिली, ती आल्यावर म्हातारी तिकीट काढून बसमध्ये बसली, आणि मोटार तिच्या मागून रिकामी आली. बसमध्ये तिने जागा निवडली ती पुढची नव्हे, मागची तर नव्हेच. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधली. तिथे हादरा सर्वांत कमी असतो, हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे. तिला ते आकृतीवाचून ठाऊक होते.

तिच्या पिढीला प्रवासाच्या मऊपणाची लाज नव्हती. बंडीला स्प्रिंग नव्हतीच, म्हणून बंडीत आधी कुटार पसरत, त्यावर पोते, पोत्यावर वाकळ, आणि मग माहेरवाशीण. टांगेवाल्याच्या टांग्याला कमानपाटे असत. अँबॅसडर २०१४ साली बनायची थांबली. तिच्या मागच्या पाट्यांवर आपल्या देशातली कितीतरी वऱ्हाडे सुखाने पार झाली, पाटा तुटला तर कोपऱ्यावरचा लोहारसुद्धा काही तरी करून देई.

आणि परदेशाचे कौतुक असणाऱ्यांसाठी परदेशातलेच सांगतो. ज्या हवेच्या टायरवर आज जग चालते ते डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्टला आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी बनवले, त्याची सायकल दगडी रस्त्यावर जास्त खडखडू नये म्हणून. डनलॉप गुरांचे डॉक्टर होते. मुक्या जिवांचे दुखणे ओळखण्याचा सराव असल्यामुळेच सुचले असेल. पुढे फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीचे प्रमुख बुलांजे यांनी खेडुतांसाठी गाडी बनवायला सांगितली तेव्हा अट घातली: दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ती गेली पाहिजे, आणि अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून नेली तर एकही अंडे फुटता कामा नये. ती गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली आणि १९९० पर्यंत बनत होती. स्प्रिंगा इतक्या लांब हालचालीच्या की वळणावर गाडी बेवड्यासारखी कलंडे, पण चाक जमीन सोडत नसे. ती अट घालताना त्या साहेबांच्या डोळ्यांपुढे शर्यतीचा वीर नव्हता. बाजाराला निघालेली एखादी शेतकरीणबाई असावी.

आईच्या प्रकरणाने पुतण्या खजील झाला, पण हलला नाही. "आजीला दुसऱ्या गाडीतून नेऊ," म्हणाला. त्याला हलवले ते वेगळ्याच गोष्टीने.

लहान गावात मोटार कधीच एकट्याची नसते. ज्याच्या अंगणात गाडी, त्याचे दार रात्री वाजते. कोणाच्या छातीत दुखते, कोणाला 'पान' लागते, कोणाची सून अडते. १०८ नंबरची गाडी येते, पण ती येईपर्यंत शांत बसून राहणारे नातेवाईक मी अजून पाहिलेले नाहीत. श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या सुनेला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. पुतण्या सुट्टीवर आलेला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे मी आधीच सांगून टाकतो, कारण वाचकाला या बाबतीत टांगणीला लावणे मला पसंत नाही. पण त्या रात्री पुतण्या ताशी २०च्या वर जाऊ शकला नाही. जरा वेग धरला की मागून ती पोरगी कळवळे. स्टेबिलिटीसाठी एवढा पैसा ओतलेली लाल गाडी ट्रकांच्या मागे बैलगाडीच्या चालीने वणीला निघाली होती, मोकळे ट्रक तिला ओलांडून जात होते, आणि चालवणारा इंजिनिअर स्टिअरिंगवर रडकुंडीला आला होता. सकाळी घरी आल्यावर त्याने चहा घेतला नाही. नुसते म्हणाला, "काका, मऊ होईल का हो हे?"

हा प्रश्न त्याने विचारला म्हणून पुढचे लिहितो आहे. ज्यांच्या गाडीला हा रोग आहे त्यांना उपयोग व्हावा.

वणीत एक मिस्त्री आहेत. आयुष्यभर ट्रकांचे पाटे बसवले, आता डोळ्यांना कमी दिसते, पण नटाला हात लावला की त्याचे गोत्र सांगतात. त्यांनी आधी स्प्रिंगांकडे पाहिलेच नाही. टायरला टिचकी मारली आणि विचारले, "हवा किती?" पुतण्या म्हणाला, "चाळीस." मिस्त्रींनी चालकाचे दार उघडून चौकटीवरची कंपनीची पट्टी त्याला वाचायला लावली. तिच्यावर होते ३३. हवाही टायर थंड असताना मोजायची. तापलेल्या टायरचा आकडा खरा नसतो. या सात पौंडांत एकही रुपया गेला नाही आणि तेवढ्यानेच बारीक खडीवरची ती खडखड उतरली. पंक्चरवाल्याने नायट्रोजन भरून देऊ का म्हणून विचारले. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, ती आम्ही फुकट भरली.

मग शॉकअप. या कडक शॉकअपांच्या डोक्यावर कान पिळायची चावी असते, तिला बत्तीस टिचक्या. पुतण्याने चारी चाकांना सगळ्यात कडक टिचकीवर ठेवले होते. पैसे दिले आहेत तर पूर्ण वापरावे, हा हिशेब. ती मधल्याच्याही खाली आणली. इथे सावध राहायला हवे. स्प्रिंग कडक ठेवून शॉकअप फारच सैल केला तर 'पुरे आता' म्हणणारे कोणी राहत नाही आणि गाडी चेंडूसारखी उसळत बसते. धक्का एकदा बसून गाडी थांबली पाहिजे. दोनदा डोलली तर एक-दोन टिचक्या परत आवळाव्या.

तिसरी गोष्ट मला फार आवडली. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला मिस्त्रींनी वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी बांधली आणि गाडी एक फेरी मारून आणायला सांगितली. परत आलो तेव्हा पट्टी सरकत-सरकत वर रबरी गोळ्याला जाऊन भिडली होती. हा गोळा स्प्रिंग पूर्ण दबली तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ठेवलेला असतो, क्वचित प्रसंगासाठी. "मास्तर," मिस्त्री म्हणाले, "तुमची गाडी स्प्रिंगवर चालतच नाही. रबरावर चालून रायली." गाडी दोन इंच खाली बसवली म्हणजे स्प्रिंगच्या हालचालीतलेच दोन इंच खाल्ले, मग प्रत्येक लाटेला गोळा आपटणार. आपण ज्याला कडक स्प्रिंग म्हणून शिव्या देतो तो पुष्कळदा हा गोळाच असतो. मिस्त्रींनी गाडी वर उचलली. पुतण्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसले, कारण टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये आता बोट जात होते आणि म्हणे ते शोभत नाही. काही लोक तर उलटे टोक गाठतात. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे तुकडे कोंबतात, गाडी उंच झाली म्हणून खूश होतात. तेवढी वेटोळी बाद होऊन स्प्रिंग आणखी कडक झाली हे त्यांना कोणी सांगत नाही.

खालचे बुश तपासताना मिस्त्री पहिल्यांदा चिडले. दुकानाने बसवताना गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच नट आवळले होते. रबरी बुश आवळताना गाडीचा भार चाकांवर हवा. नाहीतर गाडी जमिनीवर येताच रबर पिळून बसते आणि तेही एक वेगळी स्प्रिंग होऊन ढकलत राहते. मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर सरळ उभी केली, सगळे नट ढिले केले, गाडीला दोनदा दाबून हलवले आणि पुन्हा आवळले. अर्ध्या तासाचे काम. नागपूरच्या झगमगीत दुकानात हा अर्धा तास का मिळाला नाही, हे त्या दुकानालाच ठाऊक.

सर्वांत मोठे भांडण झाले ते चाकांवर. पुतण्याची रिम १७ इंची, टायर २०५/४५. हे आकडे मंत्र नव्हेत, साधा गुणाकार आहे: २०५ मिलिमीटर रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत टायरची उंची जेमतेम सव्वानऊ सेंटीमीटर. त्याऐवजी १५ इंची रिमवर १८५/६५ टायर घातला तर ती उंची होते १२ सेंटीमीटर, आणि पूर्ण चाक बाहेरून जवळजवळ तेवढेच राहते. पावणेतीन सेंटीमीटर जास्तीची हवा, धक्का आणि माणूस यांच्या मध्ये! कंपनीने या गाडीला मुळात हेच माप दिले होते, त्यामुळे टायरची भार पेलायची ताकद आणि ब्रेकला जागा हे दोन्ही प्रश्न आपोआप सुटले. दुसऱ्या कोणी मनाने माप बदलण्याआधी ते दोन्ही बघावेत. पुतण्याचे म्हणणे पडले की १५ इंची चाकात गाडी "काकांसारखी" दिसेल. मी म्हटले, "दिसू दे. काका अजून सरळ चालतात."

चाके बदलली. त्यानंतर आई गाडीत बसली, वणीपर्यंत गेली, जप तुटला नाही. पण उतरल्यावर तिने अभिप्राय दिला, "बरं हाय, पन यष्टी बरी." म्हणजे स्प्रिंगा राहिल्या होत्याच.

पुतण्याने इथे तडजोड सुचवली. पुढच्या कडक राहू द्यायच्या, आजी बसते तिथल्या मागच्या तेवढ्या मऊ करायच्या. मी ती फेटाळली. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३०च्या दशकात अमेरिकेत प्रयोग करून दाखवले आहे की पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा थोड्या मऊ असाव्यात. म्हणजे लाट आधी पुढच्या आणि मग मागच्या चाकांना लागली तरी मागचा भाग झोक्यात पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट चालते. उलटे केले तर ती मान हलवणाऱ्या नंदीबैलासारखी चालते. मिस्त्रींनी ऑलीचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांनी मान न उचलता एवढेच सांगितले की अर्धे काम ते करत नाहीत.

मूळच्या चारी स्प्रिंगा आणि शॉकअप पुतण्याच्या नागपूरच्या खोलीत पलंगाखाली सापडले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. दिवाळीच्या आधी ते मिस्त्रींनी बसवले. काढलेले सामान, लाल रंगाचे, चकचकीत, आमच्या ओसरीवर पडून आहे. आईने एक स्प्रिंग उचलून पाहिली आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लागेल का म्हणून विचारले. फार कडक आहे, लागणार नाही.

पुतण्याने ते विकायला काढले आहे आणि जाहिरातीत त्याच्या कामाच्या वेळात फोन घेता येत नाही म्हणून नंबर माझा दिला आहे. आतापर्यंत चार फोन आले. मी प्रत्येकाला किंमत सांगण्याआधी गाव कोणते आणि घरी म्हातारे माणूस आहे का, एवढेच विचारतो. तिघांनी फोन ठेवून दिला. चौथा म्हणाला, आजी आहे, पण ती गाडीत बसत नाही.

मी विचारले, "केव्हापासून?"